पाचवे कारण

भगवद्गीतेच्या 18व्या अध्यायात कोणत्याही कर्मामागची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान (जागा), कर्ता, करण (साधन), नाना चेष्टा आणि पाचवे दैव. अपघात झाला की माणूस आधीची चार ओलांडून थेट पाचव्याचे नाव घेतो. शोक आवरायला त्याने मदत होते, पण पुढच्या माणसाचा जीव त्याने वाचत नाही. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगचा, म्हणजे सरळ ट्रॅकवरच्या वेगाच्या शर्यतींचा, इतिहास हेच सांगतो.

या शर्यतींच्या टॉप फ्युएल गटातली गाडी चार सेकंदांच्या आत 1000 फूट पार करते आणि ताशी 500 किलोमीटरच्या पुढे जाते. नायट्रोमिथेनवर चालणाऱ्या इंजिनाची 10,000 हून अधिक अश्वशक्ती मागच्या दोन टायरांवर येते. त्यांतला हवेचा दाब साध्या मोटारीच्या चौथ्या हिश्श्याहून कमी असतो. सुटताना टायरच्या बाजूंना सुरकुत्या पडतात. वेग वाढला की तोच टायर ताणून उंच होतो. ट्रॅक जरा जास्त तापलेला असला किंवा क्लचने क्षणभर आधी पकड घेतली, तरी चाके जागीच घसरतात, नाहीतर अशी थडथडतात की ड्रायव्हरला समोरचे धड दिसत नाही.

अशाने शर्यत हातची गेली, तर हरला कोण? सुकाणू धरणारा कर्ता पाचांपैकी एकच.

1970 साली कॅलिफोर्नियातल्या लायन्स ट्रॅकवर ड्रायव्हर डॉन गार्लिट्सच्या गाडीचे ट्रान्समिशन फुटले आणि त्याच्या उजव्या पावलाचा काही भाग तुटला. तेव्हा ड्रायव्हर इंजिनामागे बसत असे. गार्लिट्सने नशिबाला बोल न लावता करण बदलले: इंजिन पाठीमागे नेले आणि 1971 मध्ये त्याच रचनेच्या गाडीने पोमोनाची मोठी शर्यत जिंकली. पुढे टॉप फ्युएल गटातल्या इतरांनीही ती रचना उचलली.

मार्च 2007 मध्ये गेन्सव्हिलच्या चाचणीत टायरमुळे उठलेल्या भयंकर थरथरीने ड्रायव्हर एरिक मेडलेनच्या डोक्याला जबर इजा झाली. तो वाचला नाही. त्याच्या संघाने ड्रायव्हरभोवतीचा पिंजरा आणि डोक्याजवळची गादी नव्याने घडवली. त्याच वर्षी सप्टेंबरात टेक्सासमध्ये स्वतः शर्यतीत उतरलेला संघमालक जॉन फोर्स याच्या गाडीचा टायर निकामी झाला, गाडी दुभंगली, हातापायांना गंभीर दुखापती झाल्या. फोर्स वाचला.

या शर्यतींच्या ठिकाणी ‘रेसर्स फॉर क्राइस्ट’ ही संस्था प्रार्थनासभा भरवते. प्रार्थना करणारे हात नंतर टायरही तपासतात, आणि यात विसंगती नाही. सगळी तपासणी झाल्यावरही काही हाताबाहेर उरतेच. त्या उरलेल्या भागापुढे नम्र होणे ही खरी श्रद्धा. न तपासलेला टायर देवावर सोडणे म्हणजे आपले काम त्याच्या माथी मारणे होय.

जून 2008 मध्ये न्यू जर्सीत ड्रायव्हर स्कॉट कलिटाच्या इंजिनाचा स्फोट झाला. पॅराशूटनी गाडी थांबली नाही, ट्रॅक संपला आणि तो मरण पावला. या वेळी प्रश्न अधिष्ठानाचा होता: इतक्या वेगाला थांबायला पुढे जागा पुरेशी आहे का? तो नियम करणाऱ्यांनाच सोडवायचा होता. दोन आठवड्यांच्या आत या शर्यतींची नियामक संस्था एनएचआरएने सर्वांत वेगवान गटांची शर्यत 1320 फुटांवरून 1000 फुटांवर आणली.