उचलणं आणि ठेवणं

घाईने मुठीत धरलेला चिंचिला निसटतो आणि माणसाच्या हातात केसांचा मऊ पुंजका उरतो. रक्त नाही, ओरखडा नाही. चिलीतल्या अँडीजच्या खडकाळ उतारांवर घुबडाने किंवा कोल्ह्याने झडप घातली की जीव वाचवण्याचा या छोट्या कृंतक प्राण्याचा हा मार्ग: केस पकडीत सोडायचे आणि खडकाच्या फटीत शिरायचं. माणसांच्या घरात कित्येक पिढ्या वाढलेल्या चिंचिलाचं शरीरही हे विसरलेलं नाही. वरून येणारा हात त्याच्या लेखी अजूनही झडपच असते.

म्हणून जेमतेम अर्ध्या किलोच्या या जिवाला उचलायचं कसं, हा प्रश्न बघता बघता अहिंसेचा प्रश्न होतो. हात मायेचा की शिकाऱ्याचा, हे कुणी ठरवायचं? ज्याचा हात आहे त्याने, की ज्याला धरलंय त्याने?

जैन आचारशास्त्राने या कृतीचा फार बारकाईने विचार केला आहे. साधूने पाळायच्या पाच समित्यांमध्ये, म्हणजे सावधगिरीच्या नियमांमध्ये, एक आहे आदाननिक्षेप समिती. कमंडलू असो वा पोथी, उचलताना आणि ठेवताना एखादा जीव दुखावला जाणार नाही अशी सावधगिरी, असा तिचा अर्थ. या नावात उचलण्याइतकंच ठेवण्यालाही स्थान आहे, आणि ते किती योग्य आहे हे चिंचिला पाळणाऱ्याला लगेच कळेल. पुष्कळदा इजा होते ती सुटतानाच. छातीच्या उंचीवरून त्याने उडी मारली तर पायाचं काडीसारखं हाड मोडू शकतं.

तेव्हा आधी स्वतः जमिनीवर बसावं. हात वरून आणू नये; बाजूने, खालच्या पातळीवर न्यावा आणि त्याला हुंगू द्यावा. मग एक तळवा छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि सगळं अंग आपल्या अंगाशी टेकवून घ्यावं. बरगड्या नाजूक असतात, त्या दाबू नयेत. आधारासाठी शेपूट धरावीच लागली तर अगदी मुळाशी. टोकाला धरली तर कातडी सोलून निघण्याची भीती असते. खाली ठेवताना चारही पाय टेकेपर्यंत हात काढू नयेत. प्रवासात कडक भिंतींचा, हवेशीर डबा हवा, आत थोडं वाळलं गवत. उष्णता मात्र त्याला मुळीच सोसत नाही. एकेका केसमुळातून पन्नासहून अधिक केस फुटलेल्या या अंगाला पंचवीस अंशांच्या वरचं तापमान धोक्याचं, म्हणून उन्हात उभ्या गाडीत त्याला क्षणभरही ठेवू नये.

पण हात हळुवार असला की झालं का? इथे मॅथियस चॅपमनची गोष्ट आठवते. हा अमेरिकी खाण अभियंता चिलीत नोकरीला होता. एकोणिसाव्या शतकातल्या लोकरी कातड्याच्या व्यापाराने चिंचिला संपत आले होते, आणि 1910 साली अर्जेंटिना, बोलिव्हिया, चिली आणि पेरू या देशांनी शिकारीविरुद्ध करारही केला होता. चॅपमनने मोठ्या कष्टाने अकरा चिंचिला मिळवले. उंचावरच्या थंडीची सवय एकदम मोडू नये म्हणून त्यांना टप्प्याटप्प्याने खाली उतरवलं, बोटीवर बर्फाने पिंजरे थंड ठेवले आणि 1923 मध्ये कॅलिफोर्नियाला पोचवलं. इतक्या काळजीने क्वचितच कुणी प्राणी वाहून नेले असतील. हेतू होता कातड्यांसाठी त्यांची पैदास करण्याचा. आज घरोघरी पाळले जाणारे बहुतेक चिंचिला त्या अकरांच्या वंशातले मानले जातात.

चॅपमनच्या हाताला नावं ठेवायला जागा नाही. दोष आहे तो उचलण्याच्या कारणात.

तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत. मारहाण करणं, अवयव छेदणं, पेलवणार नाही इतकं ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं हे त्यात आहेच. पण यादी सुरू होते ती ‘बंध’ या शब्दाने. बांधून, कोंडून ठेवणं. या कसोटीवर पिंजराच मुळात अडचणीचा ठरतो. मात्र पाळीव चिंचिलाला आता परत पाठवायला डोंगर उरलेला नाही. रानातल्या दोन्ही जाती धोक्यात आहेत आणि पिंजऱ्यातला जीव तिथे जगणार नाही. राहतं ते एवढंच: त्याच्या गरजेपुरतं उचलायचं. दवाखाना, पिंजऱ्याची सफाई, आगीसारखं संकट. पाहुण्यांना दाखवायला, फोटो काढायला, आपल्याला लोभ दाटून आला म्हणून उचलणं यात बसत नाही.

लीळाचरित्रात कुत्र्यांनी आणि पारध्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरस्वामींच्या गुडघ्याखाली येऊन लपतो. स्वामी त्याला पकडायला गेलेले नसतात. तो आपणहून आलेला असतो. पारधी माघारी फिरतात आणि स्वामी सशाला जाऊ देतात.

चिंचिलाही कधी कधी असा येतो. रोज संध्याकाळी, त्याच्या जागं होण्याच्या वेळी, कुणी जमिनीवर तळवा उघडा ठेवून गप्प बसलं तर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, तो त्या तळव्यावर पुढचे पाय ठेवतो. काही चिंचिला कधीच ठेवत नाहीत. अशाला डॉक्टरकडे न्यायचं असेल तर डबाच पिंजऱ्यात ठेवावा, त्याला स्वतःच्या पायांनी आत जाऊ द्यावं आणि मग दार लावावं. घरात मुलं हट्ट करत असतील तर त्यांना आधी हा डबा धरायला शिकवा.