काचेच्या टाकीतला मत्स्यन्याय

उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील ओढे आणि तळी ही सनफिश माशांची मूळ भूमी असून, सेंट्रार्किडी कुळातील लेपोमिस या प्रजातीत ब्लूगिल, पम्पकिनसीड, ग्रीन सनफिश, लॉंगइअर इत्यादी जाती मोडतात. तेथील काही हौशी माणसे परदेशातून आणलेल्या शोभेच्या माशांऐवजी आपल्याच ओढ्यातले हे मासे घरच्या टाकीत पाळतात, कारण विणीच्या काळातील लॉंगइअर नराचा नारिंगी रंग आणि त्यावरील निळसर रेघा उष्ण कटिबंधातील कोणत्याही माशाच्या तोडीस तोड असतात. अडचण एवढीच की काही महिन्यांत एखादा नर टाकीचा बराचसा भाग बळकावतो, इतरांचे पर फाडतो आणि सर्वांत दुबळा मासा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ कोपऱ्यात थिजून अन्न सोडतो. अशा टाकीपुढे मासे पाळणारा आणि प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यासक या दोघांत होऊ शकेल असा संवाद येथे कल्पिला आहे.

पालकाचा पहिला बचाव मत्स्यन्यायाचा आहे. "मोठ्याने लहानाला छळावे ही निसर्गाचीच रीत असेल, तर तीत माणसाने हात का घालावा?" असे तो विचारतो. अभ्यासकाचे उत्तर असे की कौटिल्याने अर्थशास्त्रात मत्स्यन्याय सांगितला तो समर्थनासाठी नव्हे. दंड धारण करणारा कोणी नसेल तर बलवान दुर्बलाला गिळतो, म्हणून दंडाची गरज आहे, हे दाखवण्यासाठी तो सांगितला. "आणि या टाकीत दंड कोणाच्या हाती आहे हे तुम्हांला वेगळे सांगायला नको," असे तो पुढे जोडतो.

पण त्याचा खरा मुद्दा याहून खोल आहे. तळ्यात नर शेपटीने तळ झाडून बशीसारखा उथळ खळगा करतो, मादी त्यात अंडी घालून निघून जाते, आणि पुढे नरच परांनी अंड्यांवर पाणी खेळवत त्यांची राखण करतो. जवळ येणाऱ्या प्रत्येक माशावर तो तुटून पडतो, परंतु घुसखोर थोडा दूर गेला की पाठलाग संपतो, कारण खळगा सोडून लांब जाणे राखणदाराला परवडत नाही. म्हणजे तळ्यातल्या भांडणाचा शेवट मारणाऱ्याच्या दयेने होत नसून, हरणाऱ्याला पळायला जागा असते म्हणून होतो. टाकीत नेमकी तीच जागा नसते. हरलेला मासा काचेवर आपटून वळतो, वळताच पुन्हा हद्दीत येतो, आणि विजयी नराला तो नवा घुसखोर वाटतो. ज्याला आपण आक्रमकता म्हणतो तिचा निम्मा भाग माशाचा आणि निम्मा काचेचा आहे, असा अभ्यासकाचा निष्कर्ष. त्यातला हिशेब जरा ढोबळ असला तरी दिशा बरोबर आहे.

पालक मग उपाय सांगतो. दगड, लाकूड आणि वनस्पती यांच्या आडोशाने माशांची एकमेकांवरची नजर तोडावी. मांडणी मधून मधून बदलावी, म्हणजे जुन्या हद्दी पुसल्या जातात. पाणी थंड आणि प्रकाशाचे तास कमी ठेवावेत, कारण विणीची ऊर्मी दिवस मोठे होऊन पाणी साधारण 20 अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्यावर येते. आणि शेवटचा उपाय म्हणून मासे मुद्दाम दाटीने ठेवावेत, म्हणजे कोणालाच हद्द राखता येत नाही आणि मार एकाच माशावर न पडता विभागला जातो. आडोशाबद्दल अभ्यासकाची तक्रार नाही. थंड पाण्याबद्दल तो म्हणतो की हिवाळा या माशांच्या आयुष्याचा भागच आहे, पण कधीही न संपणारा हिवाळा नाही. दाटीवर मात्र तो स्पष्ट बोलतो: "या शांततेत कोणी शांत झालेले नसते. प्रत्येकाला भांडण अशक्य झालेले असते, आणि पाण्यात साठणाऱ्या अमोनियाचा भार सगळ्यांवर पडतो तो वेगळाच."

"मग दांडगट नर काढून गरीब स्वभावाचे तेवढे ठेवले तर?" या प्रश्नावर अभ्यासक ऑन्टारिओतील ओपिनिकन सरोवराचा दाखला देतो. तेथील ब्लूगिल माशांवर मार्ट ग्रोस यांनी केलेल्या अभ्यासात दिसले की घरटे राखणारे नर सुमारे सात वर्षांचे होऊन प्रौढ होतात, तर काही नर दोन वर्षांतच प्रौढ होऊन, कोणाशी न झगडता, ऐन विणीच्या क्षणी दुसऱ्याच्या घरट्यात शिरून चोरून अंडी फलित करतात. आणखी काही नर मादीसारखे वागून हेच साधतात. राखण करणारा भांडखोर आणि न भांडणारा चोरटा, अशी ही वाटणी पाहिल्यावर माशांना सज्जन-दुर्जन ठरवण्याचा मोह आवरावा लागतो. शिवाय वरचा नर काढला की त्याच्या खालचा ती जागा घेतो, हे पालकालाही ठाऊक आहे.

उरतो तो मासा ओढ्यात परत सोडण्याचा मार्ग, आणि तो सर्वांत उदार वाटत असला तरी सर्वांत घातक आहे. टाकीतले रोगजंतू त्याच्याबरोबर जातात, आणि पाणी त्याचे मूळ नसेल तर नुकसान पिढ्यान्‌पिढ्या चालते. 1960 मध्ये शिकागोच्या महापौरांनी जपानचे तत्कालीन युवराज अकिहितो यांना ब्लूगिल भेट दिले. पुढे ते जपानच्या जलाशयांत पसरून स्थानिक माशांच्या मुळावर आले, आणि 2007 मध्ये सम्राट म्हणून अकिहितो यांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

पालकाकडे आता उत्तर उरत नाही, पण प्रश्न उरतो: मग हे मासे पाळूच नयेत का? येथे अभ्यासक नाही म्हणत नाही, आणि तेच योग्य आहे. चार फुटी, सुमारे 280 लिटरच्या टाकीत लेपोमिसचा एकच नर ठेवता येतो, आणि तो एकटा असला म्हणून दुःखी असतो असे मानण्याचे कारण नाही. थवाच हवा असेल तर एनिआकॅन्थस प्रजातीतील ब्लूस्पॉटेड सनफिश हा बोटाएवढा, पुष्कळ सौम्य नातेवाईक निवडावा. मासे धरण्यापूर्वी त्या राज्याचा मत्स्य-कायदा पाहावा, कारण देशी मासे घरी ठेवण्याचे नियम अमेरिकेत राज्यागणिक बदलतात. आणि हरलेल्या माशासाठी दुसरी टाकी तयार नसेल, तर पहिल्या टाकीत दुसरा नर सोडू नये.