भुताचे पथ्य

2024 साली जूनमध्ये ‘मुंज्या’, ऑगस्टमध्ये ‘स्त्री 2’ आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा प्रदर्शित झालेला ‘तुंबाड’ असे तीन चित्रपट पाठोपाठ पडद्यावर आले, तिन्हींना लोकांनी उदंड आश्रय दिला, आणि ज्या चित्रप्रकाराची दखल घेणे आपल्या प्रतिष्ठित समीक्षेला आजवर कमीपणाचे वाटत आले, त्याच्यावर तेव्हापासून विस्ताराने लिहिले-बोलले जाऊ लागले. ‘पुराना मंदिर’च्या काळापासून भयपटांवर निष्ठा ठेवून असलेल्या माझ्यासारख्या प्रेक्षकाला याचे समाधान वाटावयास हवे होते, परंतु ही चर्चा जसजशी वाचत गेलो, तसतसे दिसून आले की भयपटाला मिळालेली ही मान्यता बिनशर्त नाही. अट अशी की, पडद्यावरील भुताने आपण कोणत्या सामाजिक दुखण्याचे प्रतिनिधी आहोत हे प्रथम जाहीर करावे. हडळ असेल तर ती पुरुषसत्तेची बळी असावी, वाडा झपाटलेला असेल तर त्याच्या पायात जमीनदारीचा अन्याय गाडलेला असावा, आणि चित्रपट संपल्यावर प्रेक्षक भ्यालेला नसला तरी चालेल, पण त्याचे प्रबोधन झालेले असावे.

या मताशी माझा वाद आहे, आणि तो थोडक्यात आटोपणारा नाही. भयपटांमुळे अंधश्रद्धा बळावते, हा जो जुना आक्षेप आहे, त्याला उत्तर देण्यात वेळ घालविण्याचे कारण नाही. 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो भोंदूबाबांच्या बंदोबस्तासाठी, कथेतील वेताळासाठी नव्हे. भयपट म्हणजे दोन घटकांची करमणूक, त्यावर विचार कसला करायचा, असे म्हणणारांशी बोलण्यासारखे काही नाही. भुतात प्रतीक शोधणाऱ्या या प्रतीकवाद्यांचे मात्र तसे नाही. ते चित्रपट लक्ष देऊन पाहतात, त्यांची सहानुभूती योग्य माणसांच्या बाजूला असते, आणि म्हणूनच त्यांची चूक अधिक नुकसान करते.

त्यांच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा म्हणजे जॉर्डन पील या अमेरिकन दिग्दर्शकाचा 2017 मधील ‘गेट आउट’. गोऱ्या प्रेयसीच्या आईवडिलांच्या घरी पाहुणा म्हणून गेलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाची ही कथा. त्या घरातील माणसे सुशिक्षित आहेत, उदारमतवादी आहेत, आणि कृष्णवर्णीयांची शरीरे स्वतःसाठी बळकावणे हा त्यांचा गुप्त व्यवसाय आहे. वर्णद्वेषाचे याहून उघड रूपक सापडणार नाही, हे मला मान्य आहे. पण तो चित्रपट छातीत धडकी भरवतो ती कोठे, हे बारकाईने पाहिले पाहिजे. प्रेयसीची आई चहाच्या कपात चमचा फिरवीत बसलेली असते. त्या चमच्याची किणकिण कानी पडली की तो तरुण स्वतःच्याच देहाच्या तळाशी बुडत जातो, त्याला दिसते सगळे, हलता मात्र येत नाही. पुढे खुर्चीला जखडलेल्या अवस्थेत तो खुर्चीच्या हाताचे कातडे नखांनी फाडतो, आतला कापूस उपटून कानांत कोंबतो, आणि त्यामुळे वाचतो. यावर प्रतीकवादी म्हणतील की पाहा, कापूस! ज्या पिकाच्या मळ्यांत त्याच्या पूर्वजांना गुलाम म्हणून राबविले, त्याच पिकाने त्याला सोडविले. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तर कापसाविषयी हे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. वेचणीला गेलेल्या बाईच्या बोटांना बोंडाच्या टोकांनी पडलेल्या चिरा आम्ही जन्मापासून पाहत आलो आहोत. तो अर्थ त्या प्रसंगात आहेच. परंतु तो तरुण अर्थामुळे वाचलेला नाही. कापसाने त्याचे कान बंद झाले, आवाज आत शिरला नाही, म्हणून तो वाचला. कापसाच्या जागी फोम असता तरीही आवाज अडला असता, आणि तरीही आपण खुर्चीच्या कडेवर येऊन बसलो असतो. उलट कापूस असता आणि आवाज अडला नसता, तर ते प्रतीक कवडीमोलाचे ठरले असते.

येथे माझे म्हणणे एका भेदाशी येऊन ठेपते, आणि हा भेद मला भयपटांच्या बाबतीत इतर सर्व भेदांहून महत्त्वाचा वाटतो. काही भुतांना अर्थ असतो आणि काही भुतांना पथ्य असते. पथ्य म्हणजे ते भूत केव्हा येते, कशाने येते, कशाने अडते आणि काय केले असता माणूस त्याच्या तावडीत सापडतो, याचा पक्का नेम. आपल्या लोकपरंपरेतील एकही भूत पथ्यावाचून नाही. मुंजाला पिंपळ लागतो. रात्री हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते. चकवा लागला की चालत न राहता उजाडेपर्यंत एका जागी बसायचे असते. हडळ ही अन्यायाने मेलेल्या बाईची वेदना आहे, हे आजीला ठाऊक नव्हते असे नाही. तरीपण नातवाला ती वेदना समजावून सांगण्याऐवजी तिने कोणत्या वाटेने जाऊ नये ते सांगितले. नाट्यशास्त्रातही भयानक रसाचे विभाव म्हणून ओसाड घर, अरण्यगमन, कोल्ह्या-घुबडांचे ओरडणे अशा ठोस गोष्टीच मोजल्या आहेत. अर्थ एकदा कळला की संपतो. पथ्य कळल्यानंतरच भीती सुरू होते, कारण ते पाळावे लागते आणि पाळताना चुकता येते.

‘तुंबाड’ हा याचा आपल्याकडील सर्वोत्तम दाखला होय. नारायण धारपांच्या कथेपासून स्फुरलेल्या राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटाला लोभाचे रूपक म्हणून गौरविण्यात आले, आणि तो लोभाविषयी आहे हे कोणीच नाकारणार नाही; पण लोभ वाईट हे कळण्यासाठी एवढ्या पावसात एवढ्या खोल विहिरीत उतरण्याचे कारण काय? चित्रपटाचा नायक विनायक दोराने देवीच्या गर्भाशयात उतरतो, कणकेने स्वतःभोवती रिंगण आखतो, कणकेची बाहुली पुढे ठेवतो. तेथे कोंडलेला भुकेला शापित देव हस्तर बाहुली खाण्यात गुंतलेला असेल तेवढ्या अवकाशात त्याच्या लंगोटातील मोहरा ओरबाडायच्या आणि दोर पकडून वर यायचे. बाहुली संपली की वेळ संपली. हे सर्व आपल्याला नीट समजले आहे, आणि समजले आहे म्हणूनच पांडुरंग नावाचे विनायकाचे पोर पहिल्यांदा बापाबरोबर खाली उतरताना स्वतःजवळ एक बाहुली बाळगून असल्याचे कळते तेव्हा अंगावर काटा येतो. त्या क्षणी लोभ, सरंजामशाही, वसाहतवाद यांपैकी एकही शब्द मनात नसतो. लोभाचे सत्य त्यानंतर पोचते, आणि ते इतके खोल पोचते याचे कारण ते त्या कणकेच्या रिंगणातून आलेले असते.

‘लपाछपी’बद्दल असेच म्हणता येईल. विशाल फुरिया यांच्या 2017 मधील या मराठी चित्रपटाची तारीफ स्त्रीभ्रूणहत्येच्या विषयासाठी झाली आणि चार वर्षांनी त्याची ‘छोरी’ ही हिंदी आवृत्तीही त्याच गुणासाठी वाखाणली गेली. मला मात्र त्यात खरा भरवसा वाटतो तो उसाचा. आमच्याकडे ऊस मुख्यतः पुसद-उमरखेड भागातला. पोफाळीच्या वसंत कारखान्याच्या परिसरात ज्याने उभ्या उसातून पायवाट काढली असेल, त्याला ठाऊक असेल की दहा पावलांवर दिशा नाहीशी होते आणि स्वतःच्या चालण्याचा आवाज मागून आल्यासारखा ऐकू येतो. गरोदर नायिका नेहा तशा उसाच्या फडात वाट चुकते तेव्हा चित्रपट जिवंत असतो. शेवटाकडे तो बोलू लागतो, आणि ज्या बाईच्या बाजूने तो बोलतो तिच्यासाठी वाटणारी भीतीच कमी होते. ‘बुलबुल’ हा चित्रपट डोळ्यांना सुंदर आहे, पण त्यात भीती नाही. ‘स्त्री’च्या पहिल्या भागात भिंतीवर लिहिलेले वाचून परत जाणारी भुतीण हे अस्सल पथ्य होते, दुसऱ्या भागातील बिनमुंडक्याचा सरकटा नव्या विचारांच्या मुली उचलून नेतो, म्हणजे तो कोण हे पहिल्या प्रवेशातच कळते आणि पुढे जाणून घेण्यासारखे काही उरत नाही. याउलट ज्यांना आपण बाजारू म्हणून मोडीत काढले, त्या रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’मध्ये सामरी या सैतानाचे मुंडके धडापासून वेगळे करून पेटीत कोंडलेले असते, पेटीवर त्रिशूळ असतो, आणि मुंडके व धड एकत्र येता कामा नये एवढे साऱ्या प्रेक्षागृहाला पाठ असते. अभिनय सुमार, संगीत कर्कश, विनोद असह्य. पण त्या पेटीला कोणी हात लावला की पुढच्या रांगेतील माणसे ओरडून त्याला थांबवू पाहत. हे ओरडणे समीक्षेने कधी मोजले नाही.

यवतमाळमध्ये राहणाऱ्याला हे सारे पुस्तकी वाटू नये, कारण भय म्हणजे काय याचा अनुभव या जिल्ह्याने अलीकडेच घेतला आहे. राळेगाव-पांढरकवडा इलाख्यात दोन-अडीच वर्षांत तेरा माणसांचे बळी ‘टी-1’ ऊर्फ अवनी या वाघिणीच्या नावावर लागले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या परिसरात ती मारली गेली. त्यानंतर देशभर जो वाद पेटला तो वाघिणीच्या हक्काचा, वनखात्याच्या हुकुमाचा, विकासाचा आणि जंगलाचा होता, आणि तो सर्वथा योग्यच होता. अमित मसुरकर यांचा 2021 मधील ‘शेरनी’ हा चित्रपट या प्रकरणाच्या सावलीत तयार झाला. तो प्रामाणिक आहे, संयत आहे, आणि सरकारी यंत्रणेची त्याने केलेली चिकित्सा आजही खोटी ठरत नाही. तरीही राळेगाव तालुक्यातल्या माणसाने तो पाहिला तर एक गोष्ट त्यात सापडणार नाही, आणि ती म्हणजे त्या दिवसांतली भीती. एकट्याने शेतात जायचे नाही, उन्हे कलण्याआधी परतायचे, पाठ जंगलाकडे करून वाकायचे नाही: या भीतीचा अर्थ कोणी विचारत नव्हते, पथ्य सगळे पाळीत होते, आणि कापूस वेचायला वाकल्याशिवाय चालत नाही म्हणून रोज कोणी ना कोणी ते मोडीत होते. स्पीलबर्गच्या ‘जॉज’मध्ये नगरपालिकेच्या मेयरचा स्वार्थ आपल्याला असह्य होतो, कारण आपण आधी त्या पाण्यात पाय घातलेला असतो. ‘शेरनी’ने आपल्याला त्या शेतांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे केले असते, तर यंत्रणेवरचा त्याचा आरोप कितीतरी पटींनी जड झाला असता. भीती वगळल्याने वाघिणीची बाजू मजबूत होते असे ज्यांना वाटते, त्यांना वाघीणही कळलेली नाही आणि वेचणीला गेलेली बाईही.

म्हणून विदर्भातल्या ज्या तरुण दिग्दर्शकांना या विषयाला पुन्हा हात घालावासा वाटेल, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की पटकथेचा पहिला कागद लिहिण्यापूर्वी त्यांनी बोराटीच्या बाजूला जावे. वाघीण कशाचे प्रतीक होती हे तेथे कोणालाही विचारू नये. त्या दिवसांत घरातून किती वाजता निघत होता, पायवाटेने पुढे कोण आणि मागे कोण चालत होते, आणि कोणत्या धुऱ्यापाशी पोचल्यावर बोलणे थांबत होते, हे मात्र खोदून खोदून विचारावे.