मृत्यू, शोक आणि संतवाणी

आत्म्याचे अमरत्व मराठीत सांगणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींनी शके १२१८ (इ. स. १२९६) मध्ये आळंदी येथे संजीवन समाधी घेतली. संत नामदेवांच्या गाथेतील समाधी प्रकरणात या प्रसंगाचे वर्णन आहे. तेथे संतमंडळी शोकाकुल होतात. माउलींचे ज्येष्ठ बंधू व सद्गुरू निवृत्तीनाथ यांनाही दुःख आवरत नाही. मग ज्ञान व्यर्थ ठरले काय? तसे मुळीच नाही. जेथे प्रेम आहे तेथे वियोगाचे दुःख असणारच. ज्ञानाने अश्रू थांबत नाहीत. मात्र शोकात बुडालेल्या मनाला त्याचाच आधार मिळतो. नामदेवांनी हे दुःख लपविले नाही, म्हणूनच आप्तवियोगाने व्याकूळ झालेल्या भाविकास ते अभंग आजही आपले वाटतात. समाधीपुढे डोळे भरून आल्यास कोणीही संकोच मानू नये.