सिकोर्स्की : दैव, प्रयत्न आणि चार इंजिने

ईगोर सिकोर्स्की यांचा जन्म १८८९ मध्ये कीव्ह येथे झाला. आजोबा ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मोपदेशक, वडील मानसशास्त्राचे प्राध्यापक. श्रद्धा आणि चिकित्सा दोन्ही घरातच होत्या. लिओनार्दोच्या उडत्या यंत्रांच्या गोष्टी त्यांनी आईकडून ऐकल्या. अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना एक स्वप्न पडले: निळसर उजेडातला अरुंद, शोभिवंत बोळ, दोन्हीकडे दारे, पायाखाली बारीक थरथर आणि आपण उडत्या जहाजात आहोत ही जाणीव. १९३१ मध्ये स्वतः घडवलेल्या एस-४० विमानातून जाताना तेच दृश्य समोर आले, असे त्यांनी पुढे लिहिले.

पुढचे आधीच दिसत असेल, तर मधल्या तीस वर्षांच्या खटपटीला अर्थ काय? दैववादी म्हणेल, घडायचे तेच घडले. पण स्वप्न पाहणारा आणि विमान बांधणारा माणूस एकच होता, हे विसरून चालत नाही. मनात रुजलेले चित्र हातून उतरले, तर त्यासाठी दैव मध्ये आणण्याची गरज उरत नाही.

त्यांची सुरुवात तर दैवाने पाठ फिरवल्यासारखीच होती. १९०९ मध्ये पॅरिसहून २५ अश्वशक्तीचे अंझानी इंजिन आणून बांधलेले हेलिकॉप्टर जमिनीवरून उठलेच नाही. दुसऱ्याने जेमतेम स्वतःचे वजन उचलले, चालकाचे नाही. तेव्हा तो नाद बाजूला ठेवून ते विमानांकडे वळले. त्यातलेही पहिले फसले.

खरी कसोटी एका डासाने घेतली. इंधनाच्या बारीक वाटेत तो अडकला, इंजिन बंद पडले आणि विमान आदळले. सिकोर्स्की बचावले. असा जीव वाचलेला भाविक नवस फेडून मोकळा झाला असता. यांनी मात्र एका इंजिनावर विसंबणेच सोडले. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्यांचे चार इंजिनांचे ‘रुस्की व्हित्याझ’ उडाले. त्यामागून आलेले ‘इल्या मुरोमेत्स’ प्रवाशांसाठी कल्पिलेले होते, पण महायुद्धात त्यातून बॉम्ब टाकले गेले. प्रयत्नवादाची ही बाजू अधिक अवघड आहे: यंत्र सुरक्षित करणे आरेखकाच्या हाती असते, त्याचा उपयोग ठरवणे क्वचितच.

क्रांतीनंतर देश सोडून ते १९१९ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले आणि काही काळ स्थलांतरित रशियनांना गणित शिकवून त्यांनी पोट भरले. श्रद्धा मात्र सुटली नाही. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द इनव्हिजिबल एन्काउंटर’ या पुस्तकात त्यांनी अरण्यातल्या ख्रिस्ताला पडलेल्या मोहांचा विचार केला. त्यांतला एक मोह असा: मंदिराच्या शिखरावरून उडी घे, देवदूत झेलतील. ख्रिस्त नकार देतो, कारण देवाची परीक्षा पाहायची नसते. सिकोर्स्कींची श्रद्धा या नकाराच्या जातीची होती, असे म्हणता येते. देवावर भरवसा ठेवून एकाच इंजिनावर उडत राहणे त्यांच्या लेखी भक्तीत बसले नसते.