तळात अडकलेले पाणी



गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेली 'तारिणी' ही शिडाची नौका आपल्यापैकी अनेकांना वर्तमानपत्रांतून ठाऊक असेल. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा नौकेचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे शिडे, लाटा आणि वादळे येतात. मात्र शिडाची नौका राखणाऱ्याला रोज एक साधी काळजी असते, तळात साचणाऱ्या पाण्याची.

हे पाणी अनेक वाटांनी येते. पावसाचे पाणी डोलकाठीवरून खाली ओघळते, पिण्याच्या पाण्याची टाकी झिरपते, समुद्र एखाद्या सांध्यातून आत शिरतो. नौकेच्या तळाला आडव्या बरगड्या असतात आणि त्यांना खालच्या बाजूस लहान छिद्रे ठेवलेली असतात. त्यांतून पाणी वाहत सर्वांत खोल जागी जमते व पंप ते बाहेर टाकतो. पण केस, धागे, लाकडाचा भुसा यांनी छिद्रे बुजली की पाणी बरगडीमागेच अडकते. पंप कोरडा असतो, वरच्या फळ्या स्वच्छ दिसतात, सारे ठीक आहे असे वाटते. पुढे कुबट वास येऊ लागतो, लाकूड मऊ पडते. मग वाऱ्याने नौका एका बाजूला कलते आणि ते पाणी कपाटातल्या कपड्यांत व धान्यात शिरते.

वादळाने पाणी आत आणले, असे आपण म्हणतो. पण ते आधीच आत होते, वादळाने फक्त नौका कलवली. घरातही असेच घडते. वडील वारल्यावर वाडीच्या वाटणीचा विषय निघतो आणि वीस वर्षे एका ताटात जेवलेले भाऊ एकमेकांचे तोंड पाहीनासे होतात. 'पैशाने माणसे बदलली' असे आपण म्हणतो. खरे तर पैशाने फक्त नौका कलवली. कोणाला शिकवले व कोणाला शेतात राबवले, आईच्या आजारपणात कोण आले व कोण नाही, हे पाणी कितीतरी वर्षे बरगडीमागे होते.

इथे एक प्रश्न उभा राहतो. जे आपल्याला दिसलेच नाही, त्याला आपण जबाबदार कसे? 'माझ्या मनात काही नाही, फादर' असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याचा पंप खरोखरच कोरडा असतो. संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाचे भेद केले आहेत. जे जाणणे आपल्याला शक्यच नव्हते, त्याचा दोष आपल्याला लागत नाही. पण जे जाणणे शक्य होते व कर्तव्यही होते, त्याचे अज्ञान ही सबब होत नाही. पाणी शिरले हा नेहमीच आपला अपराध नसतो. फळी उचलून पाहिलीच नाही, ही मात्र आपली निवड असते. स्तोत्रकर्ताही आपल्याला न दिसणाऱ्या दोषांपासून शुद्ध होण्याची याचना करतो. म्हणजे न दिसणारे काही आपल्यात असू शकते, हे त्याने आधी मान्य केले आहे.

पाणी सापडले की जुने खलाशी आणखी एक गोष्ट करतात. बोट बुडवून ते चव पाहतात. खारट असेल तर समुद्र आत येत आहे. गोड असेल तर ते पावसाचे किंवा आपल्याच टाकीचे आहे. आणि लाकडी नौकेला कुजवते ते मुख्यतः हे गोडे पाणी! आपणही पापाचा उगम बाहेर शोधतो, टीव्हीत, मोबाईलमध्ये, वाईट संगतीत. तो तिथे असतोही. पण सणाच्या समितीतला मान, 'मी चर्चसाठी किती केले' याचा हिशोब, आपण खरे बोलतो म्हणून कठोर बोलण्याचा हक्क, हे आपल्याच टाकीचे गोडे पाणी. आम्हा धर्मगुरूंच्या नौकेत तर ते अधिकच असते.

सापडलेले पाणी टाकायचे कोठे, हाही नैतिक प्रश्न आहे. त्यात इंजिनचे तेल मिसळलेले असेल तर ते समुद्रात सोडणे म्हणजे आपली नौका स्वच्छ करून दुसऱ्याचे जाळे काळे करणे. पावसाळ्याच्या सुमारास आपल्या पश्चिम किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, त्यांमागे जहाजांतून सोडलेले तेलकट पाणी हेही एक कारण सांगितले जाते. 'मन मोकळे केले' म्हणून आपण कधी कधी सगळी घाण शेजारणीच्या किंवा सुनेच्या अंगावर ओततो. आपण हलके होतो, पण तिचा किनारा काळा होतो. ख्रिस्तसभेने प्रायश्चित्त संस्कार दिला आहे तो यासाठीही. तिथे ओतलेले कोणाच्या अंगावर जात नाही.

तथापि, तळ कायम ठणठणीत कोरडा हवा असा हट्ट नको. जुन्या पद्धतीच्या नौकांत पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो, तिथे दांडा फिरत असताना काही थेंब मुद्दाम गळू देतात, नाहीतर तो तापतो. बंदराच्या गावी बिशप असलेले संत ऑगस्टिन हिप्पोच्या लोकांना हाच दाखला देत. लहान पापे नौकेच्या फटींतून झिरपणाऱ्या पाण्यासारखी असतात, उपसली नाहीत तर नौका बुडवतात. त्यावर रोजचा उपाय म्हणून ते प्रभूच्या प्रार्थनेतल्या क्षमेच्या याचनेकडे बोट दाखवत. उपसणे रोजचे असते, कारण झिरपणेही रोजचे असते.

पंप शेवटचे पाणी कधीच ओढत नाही. ते गुडघे टेकून, हात घालून, स्पंजनेच टिपावे लागते. पुढच्या वेळी पापकबुलीला येताना लहानपणापासून पाठ असलेली तीच तीन पापे घेऊन येण्याआधी आपण एक फळी उचलून पाहू या. कोणाचे नाव निघाले की आपण विषय बदलतो? बहुधा तिथेच छिद्र बुजलेले असेल.

प्रभू आपल्याला गुडघे टेकण्याचे बळ देवो.

आपले धर्मगुरू