पेटीतली ऊब

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी उठताना अंगावर जो पहिला काटा येतो, तोच आम्हा कोल्हापूरकरांच्या हिवाळ्याचा श्रीगणेशा. पुढे मार्गशीर्ष-पौषात रंकाळ्यावर धुके उतरते, गुऱ्हाळांचा गोड वास पहाटवाऱ्यावर तरंगत येतो आणि पारा 14-15 अंशांपर्यंत खाली जातो. काश्मीरकडच्या माणसाला या थंडीचे हसूच येईल. पण एवढ्याशा थंडीसाठी माझ्या मावशीने तीन महिने खपून क्रोशाची एक लोकरी चादर विणली. आणि मी काय केले? डांबराच्या दोन गोळ्या घालून ती पेटीत ठेवून दिली. पांघरायला बाजारातून गिरणीचे ब्लँकेट आणले.

मावशीच्या कष्टांचा अनादर करावा, असे माझ्या मनात मुळीच नव्हते. उलट इतकी सुंदर वस्तू रोजच्या वापरात मळेल, तिचा टाका उसवेल, या धास्तीनेच मी ती जपली. घरी कुणी पाहुणे आले की पेटी उघडून चादर दाखवायची, त्यांनी वाहवा करायची, की पुन्हा घडी घालून आत. यालाच मी आदर समजत होतो.

एका पौषात मावशी मुक्कामाला आली. रात्री आम्ही तिला गिरणीचे ब्लँकेट दिले. तिने ते उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारले, “अरे, मी दिलेली चादर कुठाय?”

मी मोठ्या अभिमानाने पेटी उघडली. चादरीच्या मधोमध कसरीने चार भोके पाडली होती. गोळ्या केव्हाच विरून गेल्या होत्या. मला शब्द फुटेना. मावशी रागावली नाही. एवढेच म्हणाली, “पेटीत ठेवायला विणली व्हय रे मी?”

मी पेशाने शिक्षक. मुलांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरे तपासायची, हा माझा रोजचा उद्योग. पण मावशीच्या या साध्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. कुणी आपल्या हाताने काही करून आपल्याला दिले, तर त्याचा खरा मान कशात आहे? ते जपण्यात, की वापरून झिजवण्यात?

याचे उत्तर आपल्या धनगरबांधवांना कधीच सापडलेले आहे. दसऱ्यानंतर पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. तिथे भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात. ज्या लोकरीवर पोट चालते, तीच देवावरून मोकळ्या हाताने उधळायची! दख्खनी मेंढीची ही राठ, काळी लोकर वर्षातून दोनदा कातरायची, तिचे सूत काढायचे, सणगरांनी त्याला चिंचोक्याची खळ देऊन मागावर घोंगडी विणायची. इतक्या हातांतून गेलेली ही घोंगडी धनगर जपून ठेवतो का? पावसात तो तिची खोळ करतो, रात्री तीच अंथरतो, तीच पांघरतो. कसर लागते ती अंधारात पडून राहिलेल्या लोकरीला. रोज झटकली जाणारी, उन्हावाऱ्यात फिरणारी घोंगडी तिच्या तावडीत सहसा सापडत नाही. म्हणजे मी ज्याला जपणूक म्हणत होतो, ती खरे पाहता कसरीला दिलेली मेजवानीच होती.

आणखी एक गोष्ट मला शाळेत विज्ञान शिकवतानाच कळायला हवी होती. पांघरूण स्वतः ऊब देत नाही. लोकरीच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि ती आपल्या अंगची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आपलीच ऊब चादर आपल्याला परत करते, एवढेच. मग माणसाचे अंग आत नसेल तर पेटीतल्या चादरीत ऊब कुठली? तिथे नुसती लोकर असते.

मावशीच्या हाती सुया प्रथम आल्या त्या 1962 साली. ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले आणि देशभर बायका-मुली जवानांसाठी स्वेटर विणू लागल्या. मावशी तेव्हा बारा वर्षांची. सुलट-उलट टाके शिकत तिने एक ओबडधोबड स्वेटर पुरा केला. तो कुणाच्या अंगावर गेला, हे तिला कधीच कळले नाही. कळावे अशी तिची अपेक्षाही नव्हती. त्या अनोळखी जवानाने तो पेटीत नक्कीच ठेवला नसेल. सख्ख्या भाच्यापेक्षा तोच तिच्या श्रमाला अधिक जागला असेल, असे आता मला वाटते.

खरे तर मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. कुणाच्या कपाटात माझे पुस्तक कोरेकरकरीत दिसले तर मी मनातून खट्टू होतो; वाचनालयातली शिवण सुटलेली, पानांचे कोपरे दुमडलेली प्रत पाहिली की मला धन्य वाटते. स्वतःला लावतो तो न्याय मी मावशीला का लावला नाही?

याचे कारण, मला वाटते, भीती. चादर झिजली तर उद्या मावशीचे म्हणून आपल्याकडे काय उरेल? वस्तू जपताना आपण माणूसच जपून ठेवू पाहतो. ही भीती खोटी नाही. आजीचा शालू कुणी रोज नेसावा असे मीही म्हणणार नाही. तो सणासुदीसाठीच असतो. पण पांघरुणाचा सण रोज रात्री असतो. त्याला त्याच्या कामापासून तोडून आपण देणाराचे मन मात्र नाकारतो.

दुसऱ्या दिवशी मावशीने लोकरीचा गुंडा मागवला आणि ती चारही भोके विणून काढली. रंग काही जुळला नाही. निळ्या चादरीवर चार हिरवी वर्तुळे उमटली.

आता मावशीला कमी दिसते. टाका सापडत नाही. दुसरी चादर व्हायची नाही. त्यामुळे ही चादर पुन्हा पेटीत ठेवावी, असा मोह आज पूर्वीपेक्षा जास्त होतो. तरी या दिवाळीतही ती उन्हात घालून बाहेर काढली आहे. माझी मुलगी ती पांघरते आणि झोपेत लाथाडते. रात्री उठून मी ती पुन्हा तिच्या अंगावर घालतो. अंधारात बोटांना हिरव्या वर्तुळाची जाड कड लागते आणि मनात कुठेतरी चर्र होते.

पण चादर ऊन असते.